गार हवेची पैज

रविवार, १४ जानेवारी २०१८

आज मकरंदकाकांच्या हॉलमध्ये, तिळगुळाची वाटी समोर असताना, मी "मी करून देतो" म्हणालो आणि तिथून सगळं बदललं. आजच लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की पोरगं रागाच्या भरात बोलून गेलं. रागात होतोच. पण बोललो ते बोललो.

झालं असं. संक्रांतीला दरवर्षीसारखे आई, बाबा आणि मी माउंट रॉस्किलला त्यांच्याकडे. काका म्हणजे बाबांचे जुने मित्र. इथे दक्षिण गोलार्धात संक्रांत भर उन्हाळ्यात येते, आणि हा उन्हाळा तर असा की तिळगुळाच्या वड्या ताटलीतच एकमेकींना चिकटल्या होत्या. "घ्या, गोड बोला" म्हणत काकांनी माझ्या हातावर एक ठेवली आणि विचारलं, "काय गुरुदत्त, टायर काय म्हणतायत?" सगळे हसले. सगळ्यात आधी बाबा हसले.

इंजिनिअरिंग मी दुसऱ्या वर्षात सोडलं. माउंट वेलिंग्टनला टेविताच्या गॅरेजमध्ये मी चाकं काढतो आणि चाकं बसवतो. यात लाज वाटण्यासारखं काय आहे ते मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही. फक्त हसतात.

तेवढ्यात सिद्धी बाहेरून किल्ली फिरवत आली. सिद्धी म्हणजे काकांची मुलगी. तिच्याबद्दल लिहायला लागलो तर वही पुरणार नाही म्हणून लिहीत नाही. म्हणाली, "बाबा, गाडीचा एसी नुसती गरम हवा मारतोय. फेब्रुवारीत मला लांब जायचंय, मी वितळेन."

मी म्हणालो, "मी करून देतो."

"टायरवाल्याला एसीतलं कळतं?" काका.

"कळतं," मी म्हणालो. कळत नाही.

"मग करून दाखव. वायतांगी डेपर्यंत, सहा फेब्रुवारीच्या सुट्टीपर्यंत, गार हवा आली तर मी स्वतः हरीशला सांगेन, की बाबा रे, या पोरासमोर कॉलेजचं नाव काढू नकोस."

हरीश म्हणजे बाबा. ते सोफ्यावरून पुढे झुकले. "आणि नाही आली तर फेब्रुवारीअखेर हा वर्गात बसेल. कबूल?"

सगळे माझ्याकडे बघत होते. सिद्धीसुद्धा. कबूल म्हणालो. आई आतून म्हणाली, "सणाच्या दिवशी कसल्या पैजा लावता," पण आमच्यात तिचं कोण ऐकतं.

निघताना सिद्धी दारापर्यंत आली. "थँक्स गुरू. यू आर द बेस्ट." बेस्ट म्हणाली.

ही वही घरी ठेवणार नाही, घरी मराठी वाचता येतं. गॅरेजच्या लॉकरमध्ये ठेवीन.

बुधवार, १७ जानेवारी

कामावरून थेट त्यांच्या ड्राइव्हवेत. आजोबा गाडीच्या पुढ्यात स्टुलावर बसलेले. हे मकरंदकाकांचे वडील, बाळासाहेब. आयुष्य कराडजवळच्या साखर कारखान्यात गेलं, आता मुलाकडे येऊन राहिलेत. अंगात स्वेटर, पायात जँडल्स म्हणजे इथल्या रबरी चपला, हातात दाभण. पोती शिवायचं दाभण माणूस विमानातून का आणतो ते विचारलं तर म्हणाले, "लागतंय." ग्रिलच्या फटीतून ते आत खुपसून मेलेले किडे एकेक टोचून काढत होते. नाताळच्या सुट्टीत सगळे टाउपोला जाऊन आले, तेव्हापासून हे चाललंय म्हणे.

"हे गाडीचं नाक हाय," म्हणाले. "नाक चोंदलं की जनावर दमतंय."

"रोज करता?"

"रोज. दुसरं काय करू देत्यात? एकदा गॅस चालू राहिला, तवापास्नं शेगडीला हात लावायचा न्हाई. शेजारणीचे गुलाब कापले गेले, तवापास्नं गवताच्या मशीनला हात लावायचा न्हाई. 'अण्णा, आराम करा,' मकरंद म्हणतोया. आराम करून करून माणूस कुजतंय रं. ही गाडी तेवढी राहिलीया."

भला माणूस. मला टायरबद्दल काही विचारत नाही. मी वाकलो की टॉर्च धरतो.

काल यूट्यूबवर सहा व्हिडिओ बघितले होते. पहिलं काम फिल्टर. तो ग्लोव्हबॉक्सच्या मागे असतो. काढला तर काळाठिक्कर, वर पानांचा चुरा आणि पिवळ्या अक्षता. गाडी घेतली तेव्हा पूजा केली असणार, तांदूळ काचेवरून घसरून आत गेले. आजोबा लगेच म्हणाले, "म्या न्हाई टाकलं. मी तवा हितं न्हवतो."

नवा फिल्टर घातला. आता गरम हवा दुप्पट जोरात येते.

शनिवार, २० जानेवारी

आजचा दिवस सोन्याचा. सिद्धी दोन तास माझ्याबरोबर होती. ती स्टिअरिंगवर, मी बॉनेटखाली. एसीचं बटण दाबलं की इंजिनाच्या बाजूने "टक" असा आवाज यायला हवा, म्हणजे कॉम्प्रेसर फिरायला लागला.

"दाब."

"दाबलं."

"परत दाब."

"गुरू, मी लिफ्टमध्ये नाहीये."

टक आलं नाही. फ्यूज बदलून बघितला, चांगला होता. रिले बदलून बघितला, तोही चांगला. हे सगळं पाच मिनिटांचं काम मी दोन तास पुरवलं, हे इथे लिहायला हरकत नाही.

ती मागची सीट आडवी करून बघत होती. "मागे दोन मोठ्या बॅगा आणि एक गिटार बसेल ना?"

"आरामात."

"आणि एसी लावून दोन माणसं, सामान, टाउपोच्या पुढचे चढ? ओढेल?"

"ओढेल. मी आहे ना."

हसली. दोन माणसं म्हणाली. एक नाही म्हणाली, चार नाही म्हणाली. मला गिटार येत नाही, पण शिकायला किती वेळ लागतो. टेविताचा भाऊ चर्चमध्ये वाजवतो, त्याला विचारतो.

मंगळवार, २३ जानेवारी

झालं!

गाडी गॅरेजवर आणली. टेविताने पाइपांना मीटर लावला आणि म्हणाला, "ब्रो, गॅसच नाही आत. गॅस नसेल तर कॉम्प्रेसर सुरूच होत नाही, मुद्दाम तसं केलेलं असतं." मग मशीन लावून गॅस भरला. त्यात एक हिरवट रंग टाकला. कुठून गळत असेल तर नंतर तो रंग निळ्या टॉर्चखाली चमकतो.

"गळत नसेलच," मी म्हणालो.

"गॅस काय बाष्प होऊन स्वर्गात गेला?" टेविता म्हणाला. त्याला मीट-पाय, ती खिम्याची पेस्ट्री, खायची घाई होती, मी लक्ष दिलं नाही.

बटण दाबलं. टक. तोंडावर अशी गार हवा आली की डोळ्यांत पाणी आलं. हवेमुळेच.

गाडी पोचवायला गेलो तो सरळ काकांसमोर किल्ली ठेवली. "बसून बघा." ते बसले, हात पुढे धरला, म्हणाले, "हं. बघू किती दिवस टिकतंय." मी म्हणालो, "तुमची पैज दिवसांची नव्हती." बाबांना रस्त्यातूनच फोन केला आणि ऐकवायचं ते ऐकवलं. आई पाठीमागून म्हणत होती, सावकाश बोल. का सावकाश? आयुष्यभर सावकाशच बोलायचं का?

गुरुवार, २५ जानेवारी

सिद्धीने मेसेज केला. बर्फाच्या लादीचं चित्र आणि "स्वीट ॲज", म्हणजे इथल्या बोलीत एकदम झकास. दिवसभर फोन खिशातून काढून बघत होतो.

रविवार, २८ जानेवारी

गरम.

सकाळी काकांचाच फोन. "गुरुदत्त, नाव एवढं मोठं आणि हवा पाच दिवसांची." मागे कोणीतरी हसलं. सिद्धी नसावी. सिद्धी नव्हती.

मी फोनवर काय बोललो ते लिहीत नाही. पुरेसं वाईट होतं. बाबांनी ते ऐकून लॅपटॉपवर युनिव्हर्सिटीचं प्रवेशाचं पान उघडून टेबलावर माझ्या जागेसमोर ठेवलं. जेवताना दिसेल असं. मी लॅपटॉप मिटला आणि त्यावर ताट ठेवून जेवलो.

खरं सांगायचं तर भीती वाटते. त्या वर्गाची. पुढे कोणीतरी फळ्यावर लिहितंय, सगळ्यांना कळतंय, आणि आपण मान हलवतोय. दीड वर्ष मान हलवली मी. गॅरेजमध्ये चाक बसलं की बसलं, नाही तर नाही. तिथे मान हलवून चालत नाही आणि हलवावीही लागत नाही. हे बाबांना सांगायला गेलं की तोंडातून दुसरंच काहीतरी बाहेर पडतं.

मंगळवार, ३० जानेवारी

आजचं नीट लिहितो.

संध्याकाळी गॅरेजचं शटर अर्धं खाली ओढलं आणि निळी टॉर्च घेऊन गाडीखाली शिरलो. कॉम्प्रेसर कोरडा. पाइपांचे सांधे कोरडे. मग पुढे आलो, बंपरचं झाकण काढलं. तिथे ती चपट्या नळ्यांची जाळी असते, कंडेन्सर, गाडी पळताना समोरचा वारा लागून आतला गॅस जिथे निवतो. टॉर्च मारली आणि जाळीवर हिरवे ठिपके पेटले. एक नाही. आठ.

दगड उडून लागला असता तर एक लागला असता आणि जाळी चेपली असती. ही भोकं बारीक, गोल, आणि बरोबर ग्रिलच्या फटीमागे. एका भोकाशेजारी नळीला चिकटलेला अर्धा किडा होता.

मला ते दाभण आठवलं. आधी हसू आलं. मग नाही आलं.

टेविता म्हणाला, "कोणीतरी या गाडीवर जादूटोणा केलाय का ब्रो? टाचण्या मारल्यात." मी म्हणालो, हो, तसंच काहीतरी.

मग गाडी परत द्यायला गेलो. आजोबा वाटच बघत होते. गाडी थांबते न थांबते तोच स्टूल पुढे सरकलं, खिशातून दाभण बाहेर.

"आजोबा, ते द्या माझ्याकडे."

"का रं?"

"या गाडीला हे चालत नाही. जपानी आहे. तिला मऊ ब्रश लागतो." गॅरेजमधून रंगाचा रुंद ब्रश आणला होता, तो दिला.

त्यांनी ब्रश उलटासुलटा केला. मग ग्रिलकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कारखान्यात मी नळ्या आतनं साफ करायचो," म्हणाले. "तिथल्या नळ्या जाड असायच्या."

"हो. इथल्या पातळ असतात."

ब्रशने ग्रिल झाडायला लागले. घाबरत, जसं काही ते जिवंत आहे. मी दाभण पँटच्या खिशात घातलं, ते मांडीला टोचलं.

मकरंदकाका वाईट नाहीत. वडिलांच्या पाठीत उशी नेऊन ठेवतात, गोळ्या वेळेवर देतात. पण हे कळलं तर उद्या सकाळी म्हणतील, "अण्णा, गाडीलाही हात लावू नका. आराम करा." किती प्रेमाने म्हणतील ते मला आत्ताच ऐकू येतंय.

नाही सांगणार. कंडेन्सर बदलायचा, गार हवा आणायची, पैज जिंकायची, विषय संपला. कोणी विचारायचं कारणच नाही.

गुरुवार, १ फेब्रुवारी

रमण गिटार वाजवतो.

रमण म्हणजे सिद्धीच्या ऑफिसातला. वेलिंग्टनला (आमचं माउंट वेलिंग्टन नव्हे, आठ तासांवरचं शहर) दोघांनी नोकऱ्या घेतल्यात, एकत्र राहणार आहेत, वायतांगी डेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार. "घरी माहीत आहे, बाहेर अजून कोणाला सांगितलं नाहीये. तुला पहिल्यांदा सांगतेय. तू फॅमिलीसारखा आहेस ना." असं म्हणाली, गाडी सोडायला आली तेव्हा, गॅरेजच्या बाहेर, उन्हात उभी राहून. मी म्हणालो, ग्रेट.

वेलिंग्टनला तो सुप्रसिद्ध वारा असतो. तिथे एसी लावून बसतं कोण.

शुक्रवार, २ फेब्रुवारी

टेविताला सांगितलं की मला ती गाडी परत बघायची नाही. तो म्हणाला, ठीक आहे. दुपारी तीन चाकं उलटी बसवली, त्याने निमूटपणे परत बसवून घेतली.

रविवार, ४ फेब्रुवारी

पहाटे जाग आली आणि राग आला तो स्वतःचा. गाडी तिची असेल. भोकं आजोबांची असतील. पण पैज माझी आहे, आणि रमणला गिटार येत असली तरी कंडेन्सर बदलता येत नाही.

मोडीत काढलेल्या गाड्यांच्या यार्डात गेलो. तशीच गाडी सापडली, मागून ठोकलेली, नाक शाबूत. तिच्या नाकातून कंडेन्सर सोडवायला दुपार झाली. दोन बोटं सोलली. गॅरेज बंद असूनही टेविता शॉर्ट्सवर आला, चर्चमधून तसाच. जुना काढला, नवा बसवला, सांध्यांना नवी रबरं, मग मशीनने आतली सगळी हवा ओढून घेतली आणि तसंच सोडून दिलं. मीटरचा काटा हलला तर गळतंय. आम्ही बसून तारो, म्हणजे अळूचे कंद, आणि कॉर्न्ड बीफ खाल्लं. काटा हलला नाही.

गॅस भरला. टक.

थर्मामीटर हवेसमोर धरला, सहा डिग्री. मी ओरडलो वगैरे नाही. टेविता म्हणाला, "गुरू, हे टायरवाल्याचं काम नाही. सोमवारी... नाही, सुट्टीनंतर ये, तुझ्या अप्रेंटिसशिपचे कागद करू." माझी मान आपोआप हलली. यावेळी कळलं होतं म्हणून हलली.

त्याच्याकडची पद्धत आहे, काढलेला भाग गिऱ्हाइकाच्या डिकीत ठेवायचा, म्हणजे कोणी म्हणायला नको की बदललाच नाही. जुना कंडेन्सर त्याने गोणपाटात गुंडाळून डिकीत टाकला. मी बोटं धुवत होतो. बघितलं, पण डोक्यात शिरलं नाही.

बुधवार, ७ फेब्रुवारी

टेविताच्या घरामागच्या स्लीपआउटमध्ये, म्हणजे सुट्या खोलीत, बसून लिहितोय. एक गादी, एक खिडकी, बाहेर त्याच्या कोंबड्या. कालचं सांगतो.

काल वायतांगी डे. सिद्धीला निरोप म्हणून काकांकडे जेवण. रमण नव्हता, तो सामान बांधत होता. जेवणाआधी सगळे ड्राइव्हवेत. काका गाडीत बसले, बाबा शेजारी, काचा वर. बाहेरून दोघं काचेच्या पेटीतल्या माशांसारखे दिसत होते. खूप वेळाने काका उतरले आणि माझ्यासमोर हात पुढे केला.

"मानलं. हरीश, मी शब्द देऊन चुकलोय. पोरासमोर कॉलेजचं नाव काढू नकोस."

बाबा नाही म्हणाले नाहीत. आईने माझ्या पाठीवर हात ठेवला. ही सगळी वीस-पंचवीस सेकंदं माझी होती. ती कोणी परत घेऊ शकत नाही.

मग सिद्धीच्या बॅगा ठेवायला काकांनी डिकी उघडली.

गोणपाट उचलून आत नेलं. डायनिंग टेबलावर पेपर अंथरला. काका इंजिनिअर आहेत, त्यांना वस्तू उजेडाकडे धरून बघायची सवय. धरली. हॉलमध्ये सगळे ताटं घेऊन बसलेले.

"ही भोकं दगडाची नाहीत," काका म्हणाले. "हे कोणीतरी टोचलंय." परत मोजली. मग हळूच कंडेन्सर खाली ठेवला आणि सोफ्याकडे बघितलं. "अण्णा. तुम्ही रोज सकाळी गाडीला काय करता?"

आजोबांच्या मांडीवर ताट होतं. त्यांनी घास खाली ठेवला. "मी..."

"मी केली ती," मी म्हणालो.

"तू?"

"गॅस भरल्यावर. स्क्रूड्रायव्हर निसटला."

"निसटला? आठ वेळा?"

"निसटला नाही. मला राग आला होता. तुम्हाला माहीत आहे मला राग येतो."

गंमत अशी की हे सगळ्यांना लगेच पटलं. एकालाही प्रश्न पडला नाही. मी त्यांच्या घरात पहिल्यांदाच एवढं पटण्यासारखं बोललो होतो.

"म्हणजे आधी नुसता गॅस कमी होता," काका म्हणाले, "आणि गाडी मोडलीस तू."

"आणि दुरुस्त केली मी. गार आहे की नाही?"

"स्वतः मोडायचं आणि स्वतः जोडायचं," बाबा म्हणाले, "याला जिंकणं म्हणत नाहीत, गुरू. प्रवेशाची मुदत अजून आहे. उद्या फॉर्म भरायचा."

"नाही."

"शब्द दिला होतास सगळ्यांसमोर."

"शब्द गार हवेचा दिला होता. हवा गार आहे, तुम्ही आत्ता बसून आलात. वर्गात मी बसणार नाही. उद्या नाही, फेब्रुवारीअखेर नाही, कधीच नाही. मला तिथलं काही कळत नव्हतं, बाबा. दीड वर्ष. आणि यातलं कळतं."

"कळतं म्हणून भोकं पाडलीस?"

याला उत्तर होतं. ते सोफ्यावर बसलं होतं.

"मग माझ्या घरात राहून हे चालणार नाही," बाबा म्हणाले. आई म्हणाली, "अहो." मी म्हणालो, ठीक आहे.

सिद्धी माझ्यामागोमाग पॅसेजमध्ये आली. आवाज खाली आणून म्हणाली, "गुरू, रमणमुळे केलंस का? माझ्या गाडीला?"

हवा अठ्ठावीस तारखेलाच गरम झाली होती आणि रमणचं मला एक तारखेला कळलं. तिने बोटांवर मोजलं असतं तरी उमगलं असतं. तिने मोजलं नाही. काकांशी खोटं बोलताना मला काही वाटलं नव्हतं, इथे गप्प राहणं फार जड गेलं. तरी राहिलो. एवढंच म्हणालो, "टाउपोच्या पुढे, डेझर्ट रोडच्या चढावर एसी बंद नको करूस. ओढेल." ती माझ्याकडे बघत राहिली, एखाद्या अनोळखी माणसाकडे बघावं तशी.

हॉलमधून ताट टिपॉयवर ठेवल्याचा आवाज आला. आजोबा सोफ्याच्या हाताला धरून उठत होते. "मकरंद," म्हणाले, "जरा हिकडं बघ. ह्या पोरानं..."

त्यांना उठायला वेळ लागतो. गुडघे धरतात. पण उठले असते, आणि बोललेही असते.

"आजोबा, पाय दुखतील, बसा," मी मोठ्याने म्हणालो. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. "आणि काका, एक सांगायचं राहिलं. गाडी आता जिवंत आहे ती रोज सकाळी कोणीतरी तिला झाडतं म्हणून. ही गेली की त्यांना तुमची गाडी झाडू द्या."

बूट पायात घालायला थांबलो असतो तर आजोबांचं वाक्य पुरं झालं असतं. बूट हातात घेतले, बाहेर पडलो आणि दार लावून घेतलं.